कंबर बरी झाली ती नेमकी कशानं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 42, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्यानं काम. तीन वर्षांत कंबर तीनदा धरली. पहिल्या वेळी ट्रॅक्शन (पट्टा बांधून कंबर ताणणं) आणि करंट घेऊन पंधरवड्यात मोकळी झाली. दुसऱ्या वेळी तालमीतल्या वस्तादांनी चोळून दिलं आणि सुटली. आता तिसऱ्या खेपेला दीड महिना होत आला, तरी खाली बसून उठताना कळ मारते. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज निघालाय, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली. मेहुणे म्हणतात सुया टोचून घ्या, आई म्हणते पायाळूकडे (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाकडे) चल, आणि एका डॉक्टरांनी सांगितलं की यातलं बरंचसं मानसिक असतं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: आधी दोनदा बरा झालो तो नेमका कशानं, आणि माझं दुखणं मनाचं आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यानं माणूस आतून खचतो. तुमचं दुखणं खरं आहे. उपचारावरचा विश्वास, समोरच्या माणसानं दिलेला धीर, यांनी दुखणं कमी होतं म्हणून ते खोटं ठरत नाही. 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध नसलेलं औषध देऊनही ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. नॅलोक्सोन हे मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध. म्हणजे ‘आता बरं वाटेल’ या अपेक्षेनं शरीरानं आतल्या आत स्वतःचंच वेदनाशामक सोडलेलं होतं. मेंदू, मज्जारज्जू, रसायनं, सगळं शरीरातलंच. ‘मानसिक’ म्हणून हात झटकणाऱ्यानं तुमच्यावर अन्याय केलाय.

आता पुढचं सगळं ज्या गृहीतकावर उभं आहे ते तपासून घ्या. कंबरदुखीच्या दहापैकी साधारण नऊ रुग्णांत एखाद्या ठरावीक रचनेवर बोट ठेवून ‘हेच दुखतंय’ असं सांगता येत नाही, आणि माझं हे उत्तर त्या नऊजणांसाठी आहे. दहावा वेगळा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं, यातलं काहीही असेल तर सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो वा जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय, त्याच दिवशी गाठायचं, रात्र काढायची नाही. ताप, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या, विश्रांतीतही रात्रभर न थांबणारी कळ, हेही नीट तपासून घ्यायला हवं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो, हे विसरून चालत नाही. आणि पंचविशीतल्या पोराची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली असेल आणि हालचालीनं सुटत असेल, तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे धाडायचं. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही, आणि पाय-गुडघ्याचे झटके (हातोडीनं ठोकून बघतात ते), ताकद, संवेदना तपासून ठीक आहेत असं तुम्ही कळवलंय. म्हणून पुढे बोलते.

पहिल्या दोन वेळी तुम्ही बरे झालात त्यात सगळ्यात मोठा वाटा काळाचा होता. कंबर अचानक धरते तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं बरंच उतरतं, उपचार कुठलाही असो. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर पॅरासिटामोलची चाचणी झाली. एका गटाला गोळी नियमित, दुसऱ्याला लागेल तशी आणि तिसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पहिल्या दोन गटांत बरं व्हायचा मधला आकडा, म्हणजे निम्मे लोक बरे होईपर्यंतचे दिवस, 17 आला, तिसऱ्यात 16. सगळ्यांना सल्ला आणि धीर मात्र सारखाच मिळाला होता. गोळी निरुपयोगी, एवढाच अर्थ लोक यातून काढतात. मला त्यातला दुसरा भाग मोलाचा वाटतो: नीट समजावलेला, धीर मिळालेला माणूस बऱ्याचदा अडीच आठवड्यांच्या आत सावरतो.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं सगळ्यात वर असताना. थोडं दुखत असताना लेथ सोडून कोण येतं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 43 फुटांच्या धोका पातळीला लागलं की ज्यानं त्या दिवशी जे काही केलं असेल, त्यानंतर कधीतरी पाणी उतरतंच, आणि करणाऱ्याला वाटतं आपल्यामुळे उतरलं. कंबरेचं दुखणंही असंच चढतं-उतरतं. शिखरावर असताना घेतलेल्या प्रत्येक उपचाराला उतरणीचं श्रेय मिळतं. ट्रॅक्शनला मिळालं, वस्तादांच्या हाताला मिळालं. तिसऱ्या खेपेला उतरण लांबली, तर लगेच ‘आता काहीच लागू पडत नाही’ अशी धास्ती बसते. ती धास्तीच मग दुखणं धरून ठेवायला मदत करते.

पण सगळं काळावर टाकून मी मोकळी होणार नाही. मग आम्हा फिजिओथेरपिस्टांचं काम काय उरलं? उरतं, आणि बरंच उरतं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. जुनी कंबरदुखी असलेल्या 117 जणांना इंटरफेरेन्शियल करंट दिला, म्हणजे आपल्याकडे दवाखान्यात चार पॅड चिकटवून देतात तोच. निम्म्यांचं मशीन खरं चालू, निम्म्यांचं नुसतं दाखवण्यापुरतं. आता गंमत पुढे. दोन्हीकडच्या निम्म्या रुग्णांशी फिजिओथेरपिस्ट मोजकं बोलला आणि मशीन लावून खोलीबाहेर गेला. उरलेल्यांजवळ तो पूर्ण वेळ बसला, दुखण्याबद्दल, रोजच्या कामाबद्दल विचारलं, ऐकून घेतलं, धीराचं बोलला. अर्ध्या तासाच्या एकाच बैठकीनंतर दहापैकी किती गुणांनी दुखणं उतरलं ते मोजलं. बंद मशीन आणि अबोल माणूस: 1.03. चालू मशीन आणि अबोल माणूस: 1.83. बंद मशीन आणि जवळ बसून ऐकणारा माणूस: 2.22. दोन्ही मिळून: 3.13.

हे चार आकडे मी आमच्या शिकाऊ मुलांना तोंडपाठ करायला लावते. मशीननं काहीतरी केलंय, नाही असं नाही. पण जवळ बसलेल्या माणसानं बंद मशीनमधूनही त्याहून जास्त काम काढलं. ही एकाच बैठकीनंतरची मोजणी आहे, महिनाभर टिकलेला फरक नव्हे, हे ध्यानात ठेवूनही मला ती फार मोठी वाटते. आणि आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत नेमकं उलटं चालतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चार पडदे, चार खाटा, चार मशीनं, एक मुलगी पॅड लावत फिरतेय, वीस मिनिटांनी घंटी वाजते, ‘उद्या या’. रुग्णानं तोंड उघडलं तरी ऐकायला कुणाला वेळ नाही. डब्यातला चांगला भाग टाकून रिकामा डबा देण्यासारखं हे आहे.

तुम्हाला पहिल्या वेळी जिथे बरं वाटलं तिथलं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, ‘तिथले सर रोज विचारायचे, आज बुटाची लेस बांधता आली का.’ माझा अंदाज असा की ट्रॅक्शनच्या पट्ट्यापेक्षा त्या एका प्रश्नानं जास्त काम केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ट्रॅक्शन, कंबरेचे पट्टे आणि अल्ट्रासाउंडचा शेक नेहमीच्या उपचारात वापरू नये असंच सांगितलंय. तरी तुम्ही बरे झालात. काळ होता, रोज ठरल्या वेळी जाणं होतं, कुणीतरी मनापासून लक्ष घालत होतं, आणि लेस बांधायचा प्रयत्न तुम्ही रोज करत होता.

वस्तादांचंही तसंच. तालमीतला वस्ताद ज्या खात्रीनं हात ठेवतो ती खात्री कुठल्या मशीनमध्ये नसते. त्यानं शेकडो पोरांच्या कंबरा बघितलेल्या असतात. तो घाबरत नाही, आणि त्याचं न घाबरणं अंगाला कळतं. आखडलेले स्नायू ढिले पडतात, माणूस श्वास सोडतो. शिवाय चोळून झाल्यावर तो म्हणतो, ‘ऊठ, चार बैठका मार.’ ते वाक्य मला त्याच्या तेलाहून औषधी वाटतं.

पायाळूचं विचारलंत. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी आहे. मी त्याला हसत नाही. तिथे काय घडतं ते बारकाईनं बघा. घरातली दोन माणसं काम टाकून तुमच्याबरोबर येतात. दारात तुम्हाला पाठमोरं उभं करतात. पाय हलकेच लागतो, कळ येईल म्हणून तुम्ही अंग आवळून धरलेलं असतं, आणि कळ येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘वाकून बघ.’ चार दिवस न वाकलेला माणूस सगळ्यांसमोर वाकतो, आणि वाकता येतं. पायाळूच्या पायात शक्ती आहे असं मी म्हणणार नाही, तसा काही आधार नाही. पण सोबत, विधी, अपेक्षा आणि भीती मोडणारी एक हालचाल, हे चारही तिथे हजर असतात. आईच्या समाधानासाठी जायचं तर जा. अट एकच: पाय लावणं हे पाय लावणंच राहू द्या. पाठीवर उभं राहू द्यायचं नाही, लाथ खायची नाही, मान-कंबर झटक्यानं फिरवू द्यायची नाही.

सुयांचंही साधारण या अंगानंच जातं. जर्मनीत 1,162 रुग्णांवर झालेली चाचणी 2007 मध्ये आली. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनं सहा महिन्यांनी 47.6 टक्के लोकांना ठरवलेल्या मोजमापानं फायदा झाला. सुया मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्यांत 44.2 टक्के. आणि गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी असा नेहमीचा उपचार घेतलेल्यांत 27.4 टक्के. नेमका बिंदू गाठला की चुकला याने फारसा फरक पडला नाही. पण मग नेहमीचा उपचार एवढा मागे का पडला? त्या गटातल्या लोकांना आपल्याला नवं काही मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वर्षानुवर्षं तेच घेऊन कंटाळलेल्या माणसाला पुन्हा तेच मिळालं, तर त्याच्या अपेक्षेचं काय होईल? म्हणून ‘सुया भारी’ असा निष्कर्ष मी काढत नाही. कंटाळलेल्या मनानं घेतलेला उपचार अर्धाच लागतो, एवढं मात्र मी त्यावरून धरून चालते. तुमच्या मेहुण्यांना सुयांनी गुण आला असेल तर तो खरा आहे. तुम्हालाही येईल, याची हमी त्यात नाही.

इथे एक इशारा मला स्वतःच्या बाजूनं द्यायचाय. विश्वासाची ताकद मोठी आहे असं म्हणता म्हणता लोक ती नको तितकी फुगवतात. 2001 मध्ये ह्रोब्यर्टसन आणि गोत्शे या डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बनावट उपचार आणि काहीच उपचार नाही, अशी तुलना केलेल्या चाचण्या एकत्र केल्या. दुखण्यात फरक दिसला, पण बेताचा. आजाराच्या इतर प्रत्यक्ष मोजमापांत जवळपास नाहीच. म्हणजे ‘विश्वासानं बरं झालं’ असं दिसतं त्यातला मोठा भाग पुन्हा काळाचाच असतो. विश्वासानं हाडातला टीबी जात नाही, दबलेली नस सुटत नाही. वेदनेची धार बोथट होते, तेवढ्यात माणूस हालचाल सुरू करू शकतो, आणि पुढचं काम ती हालचाल करते. एवढाच त्याचा आवाका, पण कंबरेच्या बाबतीत तेवढा फार झाला.

मग रुग्णाला फसवायचं का? नाही, आणि गरजही नाही. पोर्तुगालमधल्या लिस्बनला झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना स्पष्ट सांगूनच औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. शरीर अशा गोळीलाही प्रतिसाद देऊ शकतं, तो कसा, हेही आधी समजावलं. नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालूच होते. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांचं दुखणं सुमारे 30 टक्के उतरलं, दुसऱ्या गटाचं 9 टक्के. अभ्यास लहान, जेमतेम तीन आठवड्यांचा. तरी खरं बोलूनही गुण येतो हे त्यातून दिसतं. म्हणून ‘मणका सरकलाय, मी बसवून देतो’ असं सांगणाऱ्यांवर माझा रोख आहे. कट-कट आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. काही सरकलेलं नव्हतं आणि काही बसलेलं नाही. क्षणभर मोकळं वाटतं, ते खरं. पण घरी जाताना माणूस ‘माझा मणका सरकणारा आहे’ ही समजूत बरोबर नेतो, आणि पुढच्या वेळी वाकताना तीच आडवी येते.

शब्दांनी गुण येतो, तसंच शब्दांनी दुखणं वाढतंही. तुमच्या रिपोर्टकडे वळते. 2015 मध्ये ब्रिंजिक्जी आणि सहकाऱ्यांनी 33 अभ्यास एकत्र करून कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांचे स्कॅन काय सांगतात ते मांडलं. चाळिशीतल्या, ठणठणीत माणसांपैकी निम्म्यांमध्ये डिस्क बल्ज होता. विशीतल्यांत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. तुमच्या शेजारच्या लेथवरच्या, कधी कंबर न दुखलेल्या माणसाला मशीनमध्ये घातलं तर तुमच्यासारखाच रिपोर्ट निघायची शक्यता जवळपास निम्मी. केस पांढरे होतात तसं हे वयाचं लेणं आहे. पण तोच कागद हातात देताना ‘गादी सरकली, गॅप आलाय, जपून राहा, नाहीतर पाय जातील’ असं कुणी बोललं, तर त्या माणसाचं चालणं बदलतं. कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हे तपासलंय, 2021 मध्ये ते छापून आलं. रिपोर्टमधले शब्द जसेच्या तसे समजावलेले रुग्ण आणि ‘वयानुसारचे बदल आहेत, काळजीचं काही नाही’ असं समजावलेले रुग्ण, यांत पहिल्या गटाला आपली पाठ जास्त खराब वाटू लागली आणि त्यांचं दुखणंही जास्त राहिलं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. हुपरीच्या चांदीकामातल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. मांडी घालून, पुढे वाकून तासन्‌तास पैंजणाच्या कड्या जोडायचं काम. कुणीतरी ‘वाकलात तर संपलात’ असं सांगितल्यापासून काम बंद, खाली पडलेला चमचा पायाच्या बोटांनी उचलायच्या. खुर्चीतून उठताना आधी दोन्ही हात मांड्यांवर, मग श्वास कोंडून, पाठ फळीसारखी ताठ करून एकदम वर. त्या ताठपणानंच स्नायू दिवसभर दुखायचे. मी त्यांना खाटेवर उताणं झोपवलं आणि एकेक गुडघा छातीशी घ्यायला सांगितलं. मग दोन्ही. दुखलं नाही. म्हटलं, ‘ताई, आत्ता तुमची कंबर पूर्ण वाकलेली आहे. उभ्यानं वाकता तेव्हा ती याहून जास्त वाकत नाही.’ त्या दोन मिनिटं तशाच राहिल्या. मग कुशीवर वळून उठल्या, स्टुलावर बसल्या, आणि मी न सांगता खाली वाकून स्वतःच्या चपला हातानं सरळ केल्या. त्यांच्या मणक्यात त्या दोन मिनिटांत काहीही बदललं नव्हतं. पुढे काम पूर्ववत व्हायला काही आठवडे लागलेच, मधे दोनदा कळही आली, पण चमचा पुन्हा पायानं उचलला नाही.

यातलं ‘तंत्र’ म्हणाल तर गुडघे छातीशी घेणं, जे कुठल्याही व्यायामाच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद त्यांच्याकडे आधीच होता, घडी घालून पर्समध्ये. कागदात नव्हती ती माणसानं शेजारी बसून, योग्य वेळी, त्यांच्याच भीतीला धरून दिलेली ओळख. आमच्या शास्त्रात याला उपचाराचे अविशिष्ट घटक म्हणतात, म्हणजे मशीन कुठलंही असो, सुई असो, तेल असो, सगळीकडे मिसळलेले. ते तसे मिसळलेले असतात म्हणूनच त्यांना नशिबावर सोडायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. ते शिकता येतात, ठरवून वापरता येतात.

तेव्हा आता कुणाकडे जायचं हे ठरवताना उपचाराचं नाव कमी बघा आणि माणूस कसा वागतो ते जास्त. पहिल्या भेटीत तुम्हाला पूर्ण बोलू दिलं का? कपड्यावरून नव्हे, हात लावून नीट तपासलं का, पाय उचलून, झटके बघून? तपासणी हाही धीराचा भाग असतो. न तपासता ‘काही नाही हो’ म्हटलं तर ते टोलवल्यासारखं वाटतं, तपासून म्हटलं तर पटतं. तुम्हाला काय करता यायला हवंय हे विचारलं का? तुमच्या बाबतीत ते ‘आठ तासांची पाळी आणि जोतिबाच्या पायऱ्या’ असेल, ते त्यांच्या कागदावर लिहिलेलं दिसलं पाहिजे. आणि बाहेर पडताना तुमची भीती वाढली की कमी झाली? चार भेटींनंतरही खाटेवर पडून घेणं सोडून दुसरं काही सांगत नसतील, तर शांतपणे दुसरीकडे जा. पंचवीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन देणाऱ्यांकडे तर जाऊच नका. पैसे भरल्यावर गुण आलाच पाहिजे असं मनाला वाटतं, थोडा येतोही, पण त्यानंतरची कळ आली की पुन्हा तिकडेच पळायची सवय लागते.

घरच्यांशी बोला. तुम्ही लिहिलंय की मुलगा पाण्याची कळशीही उचलू देत नाही, बायको रात्री तीनदा ‘दुखतंय का’ विचारते. हे प्रेम आहे, पण दर वेळी विचारलं की लक्ष तिकडेच जातं. त्यांना सांगा, ‘दुखतंय का’ऐवजी ‘आज किती चाललात’ विचारा. कामावरही मालकांशी बोलून पूर्ण रजेऐवजी अर्धी पाळी मागा, मोठे जॉब महिनाभर दुसऱ्याकडून चढवून घ्या. 1995 मध्ये हेलसिंकीतल्या अभ्यासात कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते: दोन दिवस अंथरुणात विश्रांती, ठरावीक व्यायाम, आणि जमेल तितकं रोजचं काम चालू ठेवणं. सगळ्यात लवकर तिसरा गट सावरला. लेथपाशी लाकडी पाट ठेवून एकेक पाय आळीपाळीनं त्यावर टेकवा, उभं राहणं हलकं जातं.

तिसऱ्या खेपेचं दुखणं सहा आठवड्यांच्या पुढे सरकतंय, म्हणून आता नुसती वाट बघायची नाही. रोज चालायला सुरुवात करा, रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या आवारात, जिथे सोबत मिळेल तिथे. आज बिनत्रास जेवढं जमतं तिथून सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. चालताना दुखलं आणि घरी येऊन तासाभरात शमलं तर काही बिघडलं नाही, दुसऱ्या दिवशी तेवढंच चाला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जास्त राहिलं तर पुढचा दिवस थोडं कमी, पण बंद नको. खाली बसून उठायची कळ आहे तर तीच हालचाल औषध म्हणून घ्या: आधी उंच खुर्ची, मग स्टूल, मग पाट, मग जमीन. श्वास कोंडायचा नाही.

आणि कंबर पुन्हा कधीतरी धरेल, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे धरली की घाबरणार नाही. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 जणांच्या चाचणीत कंबरदुखीतून नुकतेच सावरलेल्यांना चालण्याचा नेमून दिलेला कार्यक्रम आणि सोबत समजावणं दिलं. कामात अडथळा आणणारं दुखणं त्यांच्यात पुन्हा उलटलं ते मधल्या हिशेबानं 208 दिवसांनी, काहीच न मिळालेल्यांत 112 दिवसांनी. उलटायचं टळत नाही, लांबतं. धरली तर पहिले एक-दोन दिवस गरम पाण्याची पिशवी, घरातल्या घरात फेऱ्या, आणि लागलीच तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, अ‍ॅसिडिटी, किडनी, बीपीचं बघून. तिसऱ्या दिवशी चपला घालून दाराबाहेर पडायचं. नवा एमआरआय काढायचा नाही, वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एखादी दिसल्याखेरीज. माझ्याकडे यायचं असेल तर रिपोर्टची फाइल आणाच, पण त्याबरोबर आठवडाभर रोज किती मिनिटं चाललात आणि कुठली कामं जमली, ते एका कागदावर लिहून आणा. आपण बोलायला त्या कागदापासून सुरुवात करू.